गाठीत शिरलेले पहारेकरी

सोमवारची ओपीडी संपत आली होती. सिस्टरांनी केसपेपरांचा गठ्ठा उचलला, तरी पंचविशीतला एक मुलगा दाराशी घुटमळत होता. त्याच्या आईला स्तनाचा कर्करोग. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या डे-केअर कक्षात तिच्या केमोथेरपीच्या फेऱ्या चालू होत्या आणि त्या दिवशीही तिला सलाईन लागायचे होते. आई बाहेर बाकावर बसली होती. मुलाने खिशातून सकाळचा रक्ताचा रिपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला. त्याच्या कोपऱ्यात बॉलपेनने एक भागाकार मांडला होता. ८८ भागिले ८, उत्तर ११.

"सर, हा आकडा चारच्या वर गेला की पेशंट फार टिकत नाही, असं मोबाइलवर वाचलं. आईचा तर अकरा आहे. मग ही सलाईनं, हे एसटीचे हेलपाटे कशाला? तिला घरी नेतो. निदान राहिलेले दिवस तरी सुखाचे जातील."

पंचाईत अशी होती, की तो अगदीच खोटे वाचून आला नव्हता. रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींना लिम्फोसाइट पेशींनी भागले की जे गुणोत्तर येते, त्याचा कर्करुग्णांच्या आयुर्मानाशी संबंध आहे, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरीही त्याने काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा होता. तो का चुकीचा, हे समजून घ्यायचे तर प्रतिकारशक्तीच्या पेशी आणि कर्करोग यांचे नाते आधी पाहायला हवे.

एकच स्टेज, दोन वाटा

कर्करोगाचे निदान झाले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "कितवी स्टेज?" स्टेज ठरते ती गाठ केवढी आहे, ती बगलेतल्या किंवा जवळच्या लसिका ग्रंथींत पोचली आहे का, आणि यकृत, फुप्फुस, हाडे अशा दूरच्या ठिकाणी पसरली आहे का, यावरून. ही पद्धत उत्तम आहे आणि जगभर उपचार तिच्याच आधारे ठरतात. पण तीस वर्षे रुग्ण पाहणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. स्टेज तीच, औषधे तीच, वयही जवळपास सारखे, आणि तरी एक बाई दहा वर्षांनी नातवंडाला घेऊन भेटायला येते, तर दुसरीची गाठ दीड वर्षात पुन्हा डोके वर काढते. हे का घडते, याचे उत्तर स्टेजमध्ये मिळत नाही.

उत्तराचा एक भाग आमच्या पॅथॉलॉजी विभागातल्या सहकारी डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. दोन स्लाइड, दोन्ही स्तनाच्या कर्करोगाच्या, दोन्ही नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेल्या. पहिलीत कर्कपेशींचे मोठाले पुंजके होते आणि त्यांच्यामधली जागा जवळजवळ ओस. दुसरीत तेच पुंजके, पण मधल्या जागेत जणू कुणी मोहरी सांडली होती. लहान, गोल, गडद निळसर ठिपके. काही ठिपके तर थेट पुंजक्यांच्या आत घुसलेले. "ही मोहरी म्हणजे लिम्फोसाइट," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बाईच्या शरीराने शत्रू ओळखलाय. पहिलीच्या शरीराला अजून पत्ताच नाही."

गाठीत पांढऱ्या पेशी दिसतात, ही गोष्ट नवी नाही. जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ मध्येच ती नोंदवली होती. पण या पेशी तिथे लढायला आल्या आहेत, की नुसत्याच गर्दीत सापडल्या आहेत, हे ठरवायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला.

कोण, किती आणि कुठे

लिम्फोसाइटमधल्या एका मोठ्या गटाला टी पेशी म्हणतात. त्यांचे काम पहारेकऱ्याचे. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी पेशी हे तुकडे तपासत फिरते. विषाणूने ग्रासलेल्या किंवा जनुकीय बिघाड झालेल्या पेशीवर अनोळखी तुकडा दिसला, की मारक टी पेशी तिला छिद्रे पाडून संपवते. कर्कपेशी आपल्याच शरीरातून निपजलेली असल्याने तिला ओळखणे अवघड असते, पण अशक्य नसते.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अंडाशयाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या १८६ गाठी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या गाठीत टी पेशी शिरलेल्या होत्या, त्यांपैकी ३८ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण होते ४.५ टक्के. आजार तोच आणि टप्पाही पुढचाच, पण फरक आठपटींहून अधिक.

तीन वर्षांनी पॅरिसमधल्या जेरोम गॅलों यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल असेच निष्कर्ष मांडले आणि एक महत्त्वाची भर घातली. पेशी किती आहेत एवढेच पाहून भागत नाही, कोणत्या आहेत आणि कुठे आहेत हेही पाहावे लागते. गावात दंगल झाली आणि पोलीस वेशीवरच अडकून पडले, तर बंदोबस्त कागदावर दिसतो, पण गल्लीत त्याचा उपयोग नसतो. गाठींचेही तसेच आहे. काहींमध्ये टी पेशी मध्यभागापर्यंत पोचलेल्या असतात, काहींमध्ये कडेलाच थोपवलेल्या असतात, तर काहींमध्ये जवळपास नसतातच. गाठीच्या मध्यभागी आणि तिच्या पसरत्या कडेला, दोन्हीकडे टी पेशींची दाटी असेल तर रुग्णाचे भवितव्य अधिक चांगले. या गटाच्या अभ्यासात तर ही माहिती प्रचलित स्टेजपेक्षाही अचूक अंदाज देणारी ठरली.

एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष लगेच दवाखान्यात आणता येत नाही. म्हणून दोन प्रकारच्या टी पेशी, गाठीतल्या दोन जागा आणि संगणकाने केलेली मोजणी, असा 'इम्युनोस्कोर' ठरवण्यात आला आणि अनेक देशांतल्या रुग्णांवर तो पडताळून पाहिला. त्यात अहमदाबादची गुजरात कॅन्सर संशोधन संस्थाही सहभागी होती. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या अभ्यासात आतड्याच्या कर्करोगाच्या पहिल्या ते तिसऱ्या टप्प्यातल्या २,६८१ रुग्णांची माहिती होती. त्यातल्या पहिल्या गटात, स्कोर चांगला असलेल्यांपैकी ८ टक्के रुग्णांमध्ये पाच वर्षांत आजार उलटला. मध्यम स्कोर असलेल्यांमध्ये १९ टक्के, आणि कमी स्कोर असलेल्यांमध्ये ३२ टक्के.

शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकल्यावरही या पेशींचा उपयोग का व्हावा? कारण टी पेशींना स्मरण असते. गाठीत एकदा शत्रूची ओळख पटली, की त्यांच्यातल्या काही पेशी वर्षानुवर्षे शरीरात गस्त घालतात. शस्त्रक्रियेच्या आधीच रक्तातून इतरत्र निसटलेली एखादी कर्कपेशी पुढे सापडली, तर तिला मूळ धरण्याआधीच टिपण्याची शक्यता वाढते.

स्तनाचा कर्करोग आणि साधी स्लाइड

आपल्याकडच्या रुग्णालयांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी पुरावा स्तनाच्या 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारात आहे. या प्रकारात हार्मोनच्या गोळ्या आणि हर्टू विरोधी इंजेक्शने चालत नाहीत, म्हणून रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही त्याची धास्ती वाटते. २०२४ मध्ये 'जामा' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. या प्रकाराच्या ज्या १,९६६ रुग्णांनी शस्त्रक्रिया केली, पण काही ना काही कारणाने केमोथेरपी घेतली नव्हती, त्यांच्या जुन्या स्लाइड पुन्हा पाहिल्या गेल्या. पहिल्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांच्या गाठीत मधली निम्मी किंवा त्याहून अधिक जागा लिम्फोसाइटनी व्यापली होती, त्यांपैकी ९५ टक्के पाच वर्षांनी हयात होते. ही व्याप्ती ३० टक्क्यांहून कमी असलेल्यांमध्ये प्रमाण ८२ टक्के होते.

या तपासणीचे मोठेपण तिच्या साधेपणात आहे. बायोप्सीची जी स्लाइड निदानासाठी बनतेच, तीच पाहून ही टक्केवारी सांगता येते. वेगळे यंत्र नको, वेगळा खर्च नको. हवी ती अनुभवी नजर, आणि मोजण्याचे आंतरराष्ट्रीय नियम. ते नियमही ठरलेले आहेत. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. केवळ ही टक्केवारी चांगली आहे म्हणून केमोथेरपी टाळावी, असे आज कुणी सांगत नाही. कोणत्या रुग्णांना कमी औषधांत भागवता येईल, हे पाहणारे अभ्यास चालू आहेत आणि त्यांची उत्तरे येईपर्यंत ठरलेला उपचार पूर्ण करणे हेच शहाणपणाचे.

कुंपणच शेत खाते तेव्हा

एवढे वाचून 'प्रतिकारशक्तीच्या पेशी जितक्या जास्त तितके चांगले' असे कुणाला वाटेल. तसे नाही. टी पेशींमध्येच नियंत्रक टी पेशी नावाचा एक गट आहे. एरवी त्यांचे काम लढाई हाताबाहेर जाऊ न देण्याचे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटू नये हे पाहण्याचे. कर्करोग त्यांना जवळ करतो आणि मारक पेशींना आवर घालायला लावतो. अंडाशयाच्या कर्करोगात अशा नियंत्रक पेशी जास्त असलेल्या रुग्णांचे आयुष्य कमी दिसले आहे. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींचेही असेच. गाठीच्या सहवासात त्यांतल्या काही फितूर होतात. नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि कर्कपेशींना पसरायला त्या मदत करू लागतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार.

शिवाय अवयव बदलला की अर्थ बदलतो. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगात मारक टी पेशींची गर्दी चांगले लक्षण ठरत नाही, उलट वाईट ठरते. स्तनाच्याच हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारातही जास्त लिम्फोसाइट म्हणजे जास्त आयुष्य हे समीकरण लागू पडत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात कोणता हे आधी माहीत असावे लागते.

रक्तातला भागाकार

आता त्या मुलाच्या भागाकाराकडे येऊ. गाठीतल्या पेशी पाहायला बायोप्सी लागते, पण रक्तातल्या पेशी साध्या सीबीसीत दिसतात. कर्करोग वाढतो तेव्हा तो शरीरात एक प्रकारचा दाह धुमसत ठेवतो. अस्थिमज्जा जास्त न्यूट्रोफिल बनवू लागते आणि लिम्फोसाइट घटतात. म्हणून गुणोत्तर वाढते. २०१४ मध्ये १०० अभ्यासांचा, म्हणजे चाळीस हजारांहून अधिक रुग्णांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. अभ्यासागणिक मर्यादा वेगळी होती, पण सर्वसाधारणपणे ती चारच्या आसपास होती. तिच्या वर गेलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट आढळला. मुलाने वाचलेला 'चार' तो हाच.

मी त्याला एवढेच विचारले, "केमोच्या आधीच्या गोळ्या आईनं कधी घेतल्या?"

"काल रात्री आणि आज पहाटे. कागदावर लिहिलंय तशाच."

"आणि रक्त कधी दिलं?"

"आज सकाळी साडेआठला."

त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या. तिच्या औषधाची अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून त्या आधी देतात. स्टेरॉइड पोटात गेले की काही तासांतच रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल प्रवाहात उतरतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाजूला होतात. म्हणजे ८८ आणि ८ हे आकडे तिच्या कर्करोगाचे नव्हतेच, ते आम्हीच दिलेल्या गोळ्यांचे होते. जंतुसंसर्ग, ताप, शस्त्रक्रिया, पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन, एवढेच काय, शरीरावरचा मोठा ताण, यांपैकी कशानेही हे गुणोत्तर हलते. कागदावर आकडा सारखाच दिसतो. तो का वाढला हे कागद सांगत नाही.

टक्केवारी कुणाची?

समजा, तो अकरा खरा असता. तरीसुद्धा आईला घरी न्यावे, असा त्याचा अर्थ झाला असता का?

नाही. हे सगळे आकडे शेकडो, हजारो रुग्णांच्या गटाचे आहेत. गटाचा आकडा एका माणसाची तारीख सांगत नाही. हार्वर्ड विद्यापीठातले जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाला. त्यांनी ग्रंथालयात जाऊन वाचले, तर या रोगात निदानानंतरचे मध्यक आयुर्मान होते आठ महिने. आकड्यांचा अभ्यास असल्याने त्यांनी ओळखले, की मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात, आणि त्यांतले काही खूपच जास्त. गूल्ड त्यानंतर वीस वर्षे जगले. २००२ मध्ये ते गेले, ते दुसऱ्याच एका कर्करोगाने. प्रत्येकाचे असे होईल असे मी म्हणणार नाही. पण आठ महिने वाचून त्यांनी उपचार सोडले असते, तर ती वीस वर्षे मिळाली असती की नाही, हा विचार करण्यासारखा आहे.

दुसरे असे, की या पेशी फक्त मोजायच्याच असतात असे नाही, त्यांना कामालाही लावता येते. कर्कपेशी टी पेशींवरची एक कळ दाबून त्यांना थंड करतात. पीडी-१ नावाची ही कळ शोधणारे जपानचे तासुकु होंजो, आणि अशाच दुसऱ्या एका कळीवर उपचार शोधणारे अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले. पीडी-१ मोकळी करणारे निवोलुमॅब हे औषध फार महाग. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने एक धाडसी प्रश्न विचारला. थोड्याच मात्रेत भागेल का? तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. आजार पुढे गेलेल्या अशा १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना केमोच्या गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम औषध दिले. ही मात्रा नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहून कमी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एक वर्षाने हयात असणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत १६.३ टक्के होते, तर हे औषधही मिळालेल्यांत ४३.४ टक्के. निम्म्याहून अधिक रुग्ण तरीही वर्षभरात गेले, हे विसरून चालणार नाही. पण सरकारी रुग्णालयात जिथे हे औषध 'परवडत नाही' म्हणून चर्चाच थांबायची, तिथे आता निदान बोलता येते.

आपण काय करावे?

रुग्णांच्या घरच्यांना मी चार गोष्टी सांगतो. बायोप्सीला घाबरू नका. सुई लागली की कॅन्सर पसरतो या भीतीने तपासणी टाळली, तर वर सांगितलेली कोणतीच माहिती हाती येत नाही. पॅथॉलॉजीचा पूर्ण लेखी रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक बरोबर न्या. गाठीचा तुकडा त्या मेणात असतो आणि पुढे वेगळी तपासणी करायची झाल्यास तोच उपयोगी पडतो. तो उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते. आणि स्तनाचा ट्रिपल निगेटिव्ह किंवा आतड्याचा कर्करोग असेल, तर "गाठीतल्या लिम्फोसाइटबद्दल रिपोर्टमध्ये काही लिहिलंय का?" असे डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.

'इम्युनिटी वाढवणाऱ्या' पुड्या, काढे आणि महागडे डबे यांच्या मागे मात्र लागू नका. त्यांनी गाठीत टी पेशी शिरतात याला पुरावा नाही, आणि काही औषधी काढ्यांनी केमो चालू असताना यकृताला इजा होऊ शकते. तंबाखू सोडणे, पोटभर प्रथिनयुक्त जेवण, आणि फेऱ्या वेळेवर पूर्ण करणे, हे बिनखर्चाचे आणि खात्रीचे.

त्या दिवशी त्या माउलीची केमो झाली. पुढच्या फेरीला गोळ्या सुरू करण्याआधी रक्त घेतले. ६२ आणि २६. भागाकार अडीचच्याही खाली. आकडा उतरला म्हणून ती बरी झाली, असे मी मुलाला सांगितले नाही, कारण ते खरे नव्हते. सहा महिन्यांपूर्वी तिची शस्त्रक्रिया झाली. पुढे काय होईल ते आज कुणीच सांगू शकत नाही, पण गेल्या महिन्यात ती एसटीने एकटी तपासणीला आली होती. तिने आणलेल्या रिपोर्टच्या कोपऱ्यात या वेळी भागाकार नव्हता. मुलाच्या अक्षरात एक ओळ होती: "रक्त उपाशीपोटी, कोणतीही गोळी घेण्याआधी दिले आहे."